आधी ‘सातारा’, मग ग म भ न

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

या वेळी पत्रं कमी आणि व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेजच जास्त आलेत, त्यातले दोन तर सात-सात मिनिटांचे, ते मी मेथी निवडत ऐकले. सगळे घेता येणार नाहीत, जे तीन-चार जणांनी फिरवून फिरवून तेच विचारलंय ते घेतलंय. मी ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत बहुतेक करून पहिली-दुसरीच काढली, त्यामुळे तज्ज्ञ वगैरे समजू नका, आणि माझं एखादं पटलं नाही तर खुशाल भांडा.

प्रश्न: बाई, माझा मुलगा दुसरीला आहे. पुस्तकातला धडा घडाघडा वाचतो, बोटसुद्धा फिरवतो, पण त्यातलाच शब्द मी कॅलेंडरवर दाखवला की गप्प. लिहिताना भ चा म करतो, घ चा ध करतो, ख सांगितला की र आणि व वेगवेगळे काढतो, ३ कधीकधी उलटा. शेजारच्या म्हणतात याला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचायची-लिहायची अडचण आहे, डॉक्टरला दाखव. माझी झोप उडालीय. (एक आई, कोरेगाव तालुका)

उत्तर: ताई, आधी शेजारच्यांना चहा पाजून घरी पाठवा, मग हे वाचा.

तुमचा मुलगा वाचत नाहीये, तो म्हणून दाखवतोय. वर्गात सगळे मिळून धडा म्हणतात, दहादा ऐकला की पाठ होतो. पोरं गणपतीत आरत्या कशा म्हणतात, अर्थ माहीत नसतो पण शब्द चुकत नाही, तसंच. बोट आपलं अंदाजानं फिरतं. खात्री करायची तर धड्यातलं एक वाक्य मोठ्या अक्षरात कागदावर लिहा, कात्रीनं शब्द सुटे करा आणि चटईवर उलटसुलट टाका, आता त्यातला कुठला ओळखतो बघा. ओळखले ते एका डब्यात, नाही ओळखले ते दुसऱ्या डब्यात, आणि रोज दुसऱ्या डब्यातले फक्त तीन काढायचे. तीनच. चौथा काढायचा मोह होतो, मलापण व्हायचा.

आणि लाजू नका, माझंपण असंच झालंय. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझा वर्ग इतका फाडफाड वाचायचा की तपासणीला आलेले साहेब खूश झाले, मग त्यांनी सहज म्हणून एका पोरीच्या हातात पुस्तक उलटं दिलं तर तीपण तेवढ्याच जोरात वाचायला लागली. साहेब हसले, मला मात्र त्या दिवशी डबा खाववला नाही.

आता अक्षरांचं. ख मध्ये तुमचा मुलगा चुकत नाहीये, त्याला जे दिसतं तेच तो काढतोय, कितीतरी ठिकाणी ख असा छापतात की तो रव च दिसतो. त्याला र चा पाय व च्या पोटाला चिकटलेला दाखवा, हात धरून एकदा काढून घ्या. घ-ध आणि म-भ साठी मी वर्गात छपराची गोष्ट सांगायची. घ आणि म यांच्या घरावर छप्पर पूर्ण आहे, ध आणि भ यांचं छप्पर फुटकंय, पाऊस आला की हे दोघं भिजतात. पोरं वहीत भ च्या डोक्यावर थेंब काढायची, चित्रकला वहीत कशाला म्हणून एका पालकांनी तक्रारपण केलेली, पण परत कुणी भ चा म केला नाही.

खरी अवघड जागा पुढं येते आणि ती कुणी सांगत नाही. ‘कि’ म्हणताना आपण क आधी म्हणतो पण काढताना वेलांटी आधी काढायची. ‘सूर्य’ म्हणताना र आधी ऐकू येतो आणि रफार जाऊन बसतो य च्या डोक्यावर. म्हणजे कान एक सांगतो आणि हात दुसरंच करतो. पोरगं ‘दिवा’ लिहिताना द काढून थांबलं, मग वेलांटी मागनं घुसवली तर ओरडू नका, त्यानं ऐकलंय तसंच लिहिलंय, म्हणजे कान शाबूत आहे. आकड्यांचंपण तेच, पंचवीस म्हणताना पाच आधी येतात म्हणून ५२ लिहितात. २०१९ ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, व्हॉट्सॲपवर जोकचा पूर, पण ज्यांनी दुसरीचा वर्ग घेतलाय त्यांना ते कशासाठी केलं हे समजत होतं. मला ते ऐकायला गोड लागत नाही, पण अडचण खरी आहे.

सहा-सात वर्षांच्या पोरांनी अक्षर किंवा आकडा उलटा काढणं हे सर्रास चालतं, बहुतेकांचं आपोआप जातं. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मागच्या बाकावरून फळा दिसत नाही म्हणून ‘मठ्ठ’ ठरलेली पोरं मी पाहिलीत. तिसरीत गेल्यावरही रोज शिकवून तेच शब्द दुसऱ्या दिवशी नव्यानं वाचायला लागत असतील, तोंडी हुशार आणि कागदावर शून्य असं असेल, तर मग नक्की तपासणी करा, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासारखी अडचण, धरलेली आहे, परीक्षेत जादा वेळ वगैरे सवलती मिळतात, त्यात कमीपणा काही नाही. पण आज नको. आज डबे.

प्रश्न: माझ्या सासूबाई ६१ वर्षांच्या आहेत, बेदाणा निवडायला जातात. मागच्या महिन्यात बँकेत अंगठा लावताना तिथल्या माणसानं सगळ्यांसमोर हात धरून शाईत दाबला, घरी येऊन म्हणाल्या, मला माझं नाव काढायला शिकव. मी अंकलिपी आणली, ‘अ अननसाचा’ पासून सुरू केलं, चार दिवसांनी त्यांनी अंकलिपी देव्हाऱ्यामागं ठेवून दिली. विचारलं तर म्हणतात, डोस्क्यात शिरत न्हाई. काय करू? (सून, तासगाव)

उत्तर: त्यांनी अननस खाल्लाय का कधी? नसेल खाल्ला. त्यात ‘अ’ पासून ‘ज्ञ’ पर्यंत जायचं म्हणजे त्यांचं नाव यायला दिवाळी उजाडणार, तोवर कोण थांबतंय! मोठ्या माणसाला पहिल्याच दिवशी काहीतरी हाताला लागलं पाहिजे.

पहिली गोष्ट चष्मा. हसू नका. चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसतं, आणि ज्यानं आयुष्यात पुस्तक हातात घेतलं नाही त्याला ते कळतच नाही, त्याला वाटतं अक्षरं अशीच असतात, बुरशी आल्यासारखी. बेदाण्यातला काडी-कचरा बाजूला काढताना त्या ताट लांब धरतात का बघा. धरत असतील तर उत्तर मिळालं.

दुसरी गोष्ट हात. नव्वदच्या दशकात संध्याकाळचे साक्षरता वर्ग असायचे, तेव्हा आमच्या वर्गाला एक मावशी यायच्या, शेतातून थेट. पेन्सिल मुठीत धरायच्या, खुरपं धरतात तशी, आणि एवढा जोर की टोक मोडायचं. तीन टोकं मोडली की त्या उठून जायच्या. मग मी त्यांना जाड खडू दिला आणि म्हटलं ओट्यावर काढा, मोठं काढा, रांगोळीएवढं. ते जमलं. रांगोळीचा हात असतोच की बायकांना! आठवडाभर ओटा, मग पाटी, मग कुठं वही. सासूबाईंना तुम्ही एकदम बारीक रेघांची वही दिली असणार, म्हणून विचारते.

तिसरी गोष्ट शब्द. त्या मावशींना मी पहिला शब्द शिकवला ‘सातारा’, कारण त्यांना एसटीची पाटी वाचायची होती, दरवेळी कंडक्टरला विचारायचा कंटाळा आलेला. आता गंमत बघा, सातारा मध्ये अक्षरं तीनच, स, त, र, आणि एक काना. पण ती सुटी करून फिरवली की सात होतात, तार होते, तारा, रात, तास, सारा, सासरा, सतार. सतार वाचल्यावर मावशी म्हणाल्या ही कुठली गाडी? मी सांगितलं, ही गाडी नाही, ही वाजवायची, मिरजेत करतात. ‘सासरा’ वर तर अख्खा वर्ग हसला. एका संध्याकाळी आठ शब्द. बाराखडी न म्हणता.

तुमच्याकडं ‘तासगाव’ आहे, ते तर अजून भारी. त, स, ग, व आणि काना. तास, गाव, सात, वात, वास, साग, गवत, सवत. सवत वाचून दाखवा त्यांना आणि चेहरा बघा. पुढच्या आठवड्यात एकच अक्षर वाढवायचं, ल घेतलात तर लाल, गाल, ताल, साल, गालात. मग त्यांचं स्वतःचं नाव, मग वेलांटी, मग मात्रा म्हणजे बेदाणा येईल. द्राक्ष हा शब्द मात्र सध्या खाण्यापुरताच ठेवा.

आणि एक कळकळीनं सांगते, सहीवर थांबू नका. सही म्हणजे पुष्कळ वेळा चित्रच असतं, हाताला वळण पाठ होतं, वाचता येतंच असं नाही, आणि घरचे मात्र पेढे वाटून मोकळे होतात. आपल्या सातारा जिल्ह्यातच १९५९ ला ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली होती, गावातल्या शिकलेल्यांनीच न शिकलेल्यांना चार महिन्यांत लिहाय-वाचायला शिकवायचं, गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ. पुढं ती सगळ्या राज्यात गेली. पण समारंभ झाल्यावर हातात वाचायला काही राहिलं नाही आणि बरेच जण पुन्हा विसरले. म्हणून बँकेची पैसे काढायची स्लिप आणून ठेवा घरी, कोऱ्या चार-पाच, रविवारी बसून भरायला लावा. लाईट बिलावरचं नाव, रेशनची पावती, नातीच्या वहीवरचं लेबल, जे घरात येतं ते.

सरकारचा ‘उल्लास’ कार्यक्रम आहे, नवभारत साक्षरता, २०२२ ते २०२७ असा, १५ वर्षांपुढच्या कुणालाही चालतो. गावच्या शाळेत नाव द्यायचं, शिकवणारा स्वयंसेवक असतो आणि तो तुम्हीच होऊ शकता. परीक्षा १५० मार्कांची, वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०. सासूबाई परीक्षेच्या नावानं घाबरतील, तर आत्ता सांगू नका, तासगाव झाल्यावर सांगा.

प्रश्न: मुलगी साडेचार वर्षांची, सिनिअर केजीत आहे. अक्षर घाणेरडं येतं. विश्रामबागला अक्षर सुधार क्लास आहे, लावावा का? (सांगली)

उत्तर: नको. साडेचार वर्षांचं अक्षर घाणेरडं नसतं, ते अजून आलेलंच नसतं. तिला शेंगा फोडू द्या, कणकेचे साप करू द्या, ताटात रवा पसरून बोटानं काढू द्या. डावखुरी असेल तर हात बदलू नका. फीच्या पैशांची गोष्टीची पुस्तकं घ्या.

प्रश्न: मी बी.एड. करतोय, वाळवा तालुक्यात राहतो. आमच्या गावाजवळ कारखान्याच्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात, दिवाळीनंतर येतात ते मार्च-एप्रिलला जातात. मी आणि दोन मित्र संध्याकाळी पोरांना शिकवतो. सहा वर्षांचं पोरगंपण आहे आणि तेरा वर्षांचंपण, आणि चार महिन्यांत जाणार. पुस्तक पुरं होत नाही. कुठून सुरुवात करू?

उत्तर: पुस्तक पुरं करायचंच नाही, ती चिंता सोडून दे. दादा, तू मला आधी हे सांग, या पोरांना दिवसभरात कुठले शब्द ऐकू येतात? कोयता, मोळी, फड, गाडी, बैल, खेप, मुकादम, वाढं. पाटीवर तेच.

ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेइरे नावाचे एक शिक्षक होते, त्यांनी १९६३ ला आंजिकोस नावाच्या गावात तीनेकशे कष्टकऱ्यांना ४० तासांत लिहायला-वाचायला शिकवलं म्हणून जगभर नाव झालं. त्यांची रीत अशी की आधी त्या माणसांच्या तोंडचे शब्द गोळा करायचे, वीट असा शब्द घ्यायचा, त्यावर बोलायचं, कुणाच्या घराला वीट आहे, कुणाच्या नाही, वीट करतो कोण आणि तिच्या घरात राहतो कोण, आणि मग त्या शब्दाचे तुकडे करून नवे शब्द जुळवायचे. तू ‘गाडी’ घे. गड, गडी, गाडा, गाडी, डाग. आणि गाडीवर बोल, ती ओढतं कोण, भरतं कोण, काट्यावर वजन किती झालं, पावती कुणाच्या खिशात जाते. तेरा वर्षांच्या पोराला ती पावती वाचता आली ना, तर त्याचा बाप स्वतः त्याला तुझ्याकडं पाठवील. आज तो हसत असेल, हसू दे.

मोठ्यांना छोट्यांना शिकवायला लाव, तुम्ही तिघं वीस पोरांना पुरणार नाही. प्रत्येकाची बारकी वही कर, पाठकोरे कागद मधोमध दुमडून दोऱ्यानं शिवलेली चालेल, त्यात त्यानं शिकलेला प्रत्येक शब्द त्याच्याच अक्षरात आणि बाजूला चित्र. जाताना ती वही त्याच्याबरोबर जाते. बीडकडचं पोरगं तुमच्याकडच्यापेक्षा वेगळं बोलतं, त्याला तिथं जे म्हणतात तेच लिहू दे.

आणि तुमचा वर्ग म्हणजे शाळा नव्हे, हे विसरू नको. जवळच्या शाळेत जाऊन गुरुजींना भेट, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं कागदपत्रं नाहीत म्हणून कुठल्याही पोराला परत पाठवता येत नाही आणि वयाप्रमाणे वर्गात घ्यावं लागतं. स्थलांतर करणाऱ्या पोरांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं ते निघताना मिळालं की नाही बघ, म्हणजे गावी परत गेल्यावर त्यांचं सलग चालू राहतं. हे काम कंटाळवाणं आहे, फोटो काढण्यासारखं नाही, पण ते तुम्ही नाही केलं तर कोण करणार.

प्रश्न: मुलगी पाचवीत, मिरजेत शिकते. निबंधाला १० पैकी ९ मिळतात. गाईडमधला पाठ करते. पण सुट्टीत आजीला चार ओळी लिही म्हटलं तर तासभर बसून ‘प्रिय आजी, सा.न.वि.वि.’ एवढंच. आणि लिहिलंच तर ‘मी गेलते’, ‘व्हतं’ असं लिहिते, शुद्धलेखन तर विचारूच नका.

उत्तर: याच्यावर मी बोलायला लागले तर मासिक पुरणार नाही. दोन उतारे देते, दोन्ही माझ्या चौथीच्या वर्गातले, एकाच मुलाचे.

पहिला: ‘गाय हा पाळीव प्राणी आहे. तिला चार पाय असतात. ती आपल्याला दूध देते. गाय मला फार आवडते.’

दुसरा, महिन्याभरानं, मी नुसतं म्हटलं की काल घरी काय झालं ते लिही: ‘रातच्याला आमची म्हस याली. रेडकू वल्लं व्हतं. आईनं पोत्यानं पुसलं. त्येला उभं रहाता येईना. मी झोपलोच न्हाई.’

पहिल्याला मी १० पैकी ८ दिले होते. दुसरा वाचून मी लाल पेन खाली ठेवलं. ‘मी झोपलोच न्हाई’ यात त्याला ते रेडकू किती आवडतं ते आलं की नाही, ‘फार आवडते’ म्हणायची गरजच उरली नाही.

तर मुलीला विषय देऊ नका, प्रश्न द्या, आणि तोसुद्धा एकच. आज शाळेत कोण रडलं? रिक्षावाले काका काय म्हणाले? आधी तोंडी सांगू दे, तुम्ही खरंच ऐका, मोबाईल बाजूला ठेवून, मग म्हणा हे आजीला माहीत नाही, लिही. तीन ओळी आल्या तर तीन. पहिल्या कागदावर ऱ्हस्व-दीर्घाला हात लावायचा नाही, एकही नाही, दातओठ खाऊन गप्प बसा. वाचून एक प्रश्न विचारा, ‘मग काका हसले का?’ ते उत्तर ती भरेल. शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी, स्वच्छ प्रत काढताना, आणि तेही एका वेळी एकाच प्रकारचं.

‘व्हतं’ चं म्हणाल तर ते चूक नाही, ते तिच्या घरचं आहे. पुस्तकात ‘होतं’ लिहितात, शाळेच्या कार्यक्रमाला आपण कपडे बदलतो तसं, पण घरचे कपडे काही फेकून देत नाही ना! फलटणला मॅक्सीन बर्नसन म्हणून एक बाई आल्या, अमेरिकेत जन्मलेल्या, त्यांनी फलटणच्या लोकांच्या बोलण्यावरच पीएच.डी. केली आणि मग तिथंच राहून १९८४ ला प्रगत शिक्षण संस्था काढली, पुढं शाळा. सातासमुद्रापलीकडून येऊन एका बाईनं आपलं ‘व्हतं’ अभ्यासाला घेतलं आणि आपण पोरांना त्याच्यासाठी कान पिळतो. माझ्या हातूनही पिळले गेलेत, म्हणून बोलते.

आणि वाचल्याशिवाय लिहायला येत नाही, ते गाईडनं होत नाही. एखाद्या रविवारी पाचगणीजवळ भिलारला घेऊन जा, २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे ते, लोकांच्या घराघरात पुस्तकं ठेवलीत, कुठंही बसून फुकट वाचा. स्ट्रॉबेरीच्या दिवसांत गेलात तर पोरगी हसत येईल. परत आल्यावर निबंध लिहायला लावू नका म्हणजे झालं.

प्रश्न: आता मोबाईलला बोललं की आपोआप टाईप होतं. मग म्हाताऱ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवायचा अट्टहास कशाला? (एक निवृत्त वाचक, सातारा)

उत्तर: बोलून टाईप करणं मला आवडतं, गुडघे दुखतात तसे आता बोटंपण दुखतात. पण परवाचंच सांगते, आमच्या जाऊबाईंनी सुनेला फोनवर बोलून मेसेज केला, ‘दही लाव, मी उशिरा येते’. फोननं लिहिलं ‘सही लाव’. सून बिचारी तासभर घरातली कागदपत्रं उपसत बसली की कशावर सही. जाऊबाई दुसरीपर्यंत शिकलेल्या, त्यांनी पाठवायच्या आधी वाचलं असतं तर दिसलं असतं, पण चष्मा घरीच राहिलेला.